शाळेच्या फळ्यावरचे शंभर टक्के

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलताना जसे बोललो तसेच बरेचसे ठेवले आहे.)



समितीनं आम्हाला 'समाज आणि शिक्षण' असा विषय दिला होता. एवढा मोठा विषय आम्हाला झेपणारा नाही. आम्ही साच्यावर उभं राहून उमर घालवलेली माणसं. शिक्षण आठवी, तेही अर्धवट. बाकी जे काही वाचलं ते या विहाराच्या कपाटातलं आणि पानवाल्याकडच्या पेपरातलं. म्हणून त्या विषयातला एक लहानसा तुकडा आज घेतो. शिष्यवृत्तीची परीक्षा आणि आपल्या वस्तीतल्या शाळेचा निकाल. यात एक चूक झाली आहे, आणि ती आम्हा समितीत बसणाऱ्यांची आहे, हे सुरुवातीलाच कबूल करतो.

२०२४ साली पाचवीच्या शिष्यवृत्तीचा निकाल लागला तेव्हा शाळेच्या दारातल्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं तुम्ही सर्वांनी वाचलं असेल. शाळेचा निकाल १०० टक्के. नऊ मुलं बसली, नऊच्या नऊ पात्र. आपल्या वस्तीतली शाळा आणि शंभर टक्के! आनंदानं आम्हाला रात्री झोप आली नाही. दुसऱ्याच दिवशी नाक्यावर अभिनंदनाचा फलक लावला, वर्गणी काढली, आणि इथं याच सभागृहात नऊ मुलांचा सत्कार ठेवला. एक वही, एक पेन, बाबासाहेबांच्या चरित्राची छोटी प्रत आणि गुलाबाचं फूल. त्या नऊ जणांत आमची नातही होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागून कुणी म्हणायचं की घरचं तेवढं झाकून ठेवलं.

फुलं एका परातीत ठेवली होती. परात धरायला एक मुलगा उभा केला होता. त्याची आई दादरच्या फुलबाजारात गजरे विकते. त्या दिवशीची फुलं तिनंच दिलेली, पैसे घेतले नाहीत. नाव पुकारलं की पोरगा एक फूल उचलून पाहुण्यांच्या हातात द्यायचा. असं नऊ वेळा दिलं. कार्यक्रम आटोपला, चहा झाला, आणि आम्ही सतरंज्या गुंडाळत असताना ती बाई जवळ आली. म्हणाली, "दादा, एक विचारू? ह्यो बी त्याच वर्गात हाय. ह्याला परीक्षेला का नाही बसवलं?"

आम्ही म्हणालो, "फॉर्म भरला नसेल, ताई."

ती म्हणाली, "फॉर्म आम्ही भरायचा असतो व्हय?"

बंधू-भगिनींनो, याचं उत्तर आम्हाला त्या वेळी माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौकशी केली. हा फॉर्म शाळेनं भरायचा असतो, ऑनलाइन, शाळेच्याच खात्यातून. पालकाला परस्पर भरता येत नाही. म्हणजे या दरवाजाची चावी शाळेच्या हातात. आणि वर्गाचा पट किती, तर ४१. बसवली नऊ. बाकीच्या बत्तीस पोरांच्या घरी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांच्यातली निम्मी तर सत्काराच्या दिवशी इथंच बसून टाळ्या वाजवत होती.

आता ही परीक्षा काय आहे ते थोडं सांगतो, कारण पुष्कळ आयाबहिणींना तिचं नुसतं नाव माहीत आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे, ही परीक्षा घेते. आमच्या वेळी चौथीला आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून ती पाचवीला आणि आठवीला नेली. २०२५ साली शासनानं परत चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. पाचवीचे दोन पेपर. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. एका पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण, वेळ दीड तास. हिशोब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. उत्तर लिहायचं नसतं. चार पर्याय असतात, बरोबर वाटेल त्याचा गोल काळा करायचा, तो पुढं यंत्र वाचतं. दोन्ही पेपरांत प्रत्येकी ४० टक्के, म्हणजे ६० गुण मिळाले की मूल पात्र. पात्र झालं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. पैसे मिळतात ते जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत वर असणाऱ्या ठराविक मुलांना. राज्यभरात पाचवीला जेवढी मुलं बसायची त्यांतली साधारण पाव हिस्साच पात्र ठरायची. राज्याचा पाव हिस्सा आणि आपल्या वस्तीत शंभर टक्के, हे गणित खरं म्हणजे फलक रंगवायच्या आधीच आमच्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. आनंदात माणूस हिशोब तपासत नाही.

आणि आम्हाला तर ते यायलाच पाहिजे होतं, कारण आमच्यावरच हा प्रसंग गेलेला आहे. १९७९-८० ला आम्ही चौथीत होतो. शाळेचं नाव घेत नाही, गुरुजीही आता हयात नाहीत. त्यांनी वर्गात विचारलं, ज्यांच्या घरी अभ्यास घेणारं कुणी आहे त्यांनी बोट वर करा. आमच्या वडिलांना सहीपुरतं अक्षर येत होतं, आईला तेवढंही नाही. आम्ही बोट खालीच ठेवलं. खोटं बोलायचं नाही ही घरची शिकवण. जी बोटं वर झाली त्यांची यादी झाली. गुरुजी वाईट नव्हते, पावसाळ्यात भिजून आलेल्या पोरांना स्वतःच्या पंचानं पुसायचे. पण त्या यादीतून आमचं नाव गेलं ते गेलंच. पुढं १९८२ चा संप झाला, घराची कंबर मोडली, आठवीत शाळा सुटली आणि काही वर्षांनी आम्ही बदली कामगार म्हणून गिरणीच्या दरवाजावर उभे राहू लागलो. परीक्षेला बसलो असतो तर पास झालो असतो, असा आमचा दावा नाही. बसलोच नाही, त्यामुळं ते कुणालाच कधी कळलं नाही.

गिरणीतल्या माणसाला हा टक्क्याचा खेळ नवा नाही. साचेखात्यात दर महिन्याला कागद यायचा, एफिशियन्सी अमुक टक्के. मास्तर खूश, वरचे साहेब खूश. पण टक्का काढायचा कशावर? तर चालू साच्यांवर. बीम आलं नाही, सुटा भाग मिळाला नाही, बदलीवाला भरला नाही म्हणून जे साचे उभे राहिले ते हिशोबातच धरायचे नाहीत. ओळीत चोवीस साचे, सोळा चालू, आठांवर धूळ. कागदावर मात्र सोळांचा झकास टक्का. यावर आम्ही खात्यात भांडलेलो आहोत, मेमो खाल्लेले आहेत. आणि स्वतःच्या वस्तीतल्या पोरांच्या वेळी चालू साच्यांचा टक्का बघून हार घालून मोकळे झालो. आमची गिरणी २०२० च्या लॉकडाऊनला थांबली ती परत फिरली नाही. पण हा हिशोब शाळेत चालूच होता.

आमच्या आज्याला तर साचेखात्यात पायही टाकता आला नव्हता. तुम्हाला ठाऊक आहे, पूर्वी धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, म्हणून अस्पृश्याला विणकामाच्या खात्यात घ्यायचे नाहीत, आणि पगार तर त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही गोष्ट लावून धरली. त्या काळी कुणी म्हटलं असतं की विणकरांत सगळे सवर्णच हुशार दिसतात, तर टक्केवारीनं ते खरंच निघालं असतं!

हिशोब कुठून धरायचा हे बाबासाहेबांकडूनच शिकावं. १२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. त्यांनी असं नाही सांगितलं की चौथीत एवढी मुलं पास झाली. त्यांनी पहिल्यांदा शाळेत पाऊल टाकणारी शंभर मुलं धरली आणि विचारलं, यांतली चौथीपर्यंत पोचतात किती? अठरा. बाकीची ब्याऐंशी परत निरक्षरांत जमा होतात. सरकारनं किती खर्च केला आणि किती शाळा काढल्या हे आकडे कौन्सिलापुढं होतेच. बाबासाहेबांनी ब्याऐंशींना सभागृहात आणून उभं केलं. आपल्या बत्तीस पोरांना आम्ही आमच्याच विहारात उभं केलं नाही, परात धरायला तेवढं एकाला केलं.

मग आम्ही ठरवलं, आपणच बघू की या पोरांना काय येतं. 'असर' म्हणून एक पाहणी आहे. प्रथम ही संस्था २००५ पासून गावोगावी घरी जाऊन ती करते. पोराला एक कागद देतात. आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. एवढंच. एका पोराला थोडी मिनिटं पुरतात. या पाहणीत खेड्यांतली पाचवीची मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकतात का हे बघतात. देशभरात २०१८ साली निम्मीच वाचू शकत होती. कोरोनात शाळा बंद राहिल्यावर २०२२ ला हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास घसरलं, २०२४ ला परत ४९ च्या आसपास आलं. पाचवीतलं पोर आणि दुसरीची गोष्ट, लक्षात घ्या.

वस्तीतल्या दोन मुली, एक डी.एड. झालेली, एक बारावी, आणि आम्ही तीन म्हातारे, असे दोन रविवार इथं बसलो. पाचवीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या वर्गातली बत्तीस-तेहतीस पोरं येऊन गेली. नापास कुणाला म्हणायचं नाही असं आधीच ठरलं होतं. दुसरीचं पुस्तक आणि पाटी.

फुलवालीचा पोरगा बसला. अक्षरं सगळी ओळखतो, साधे शब्द लावतो, जोडाक्षर आलं की थांबतो. वजाबाकी दिली, ६३ मधून २८. त्यानं लिहिलं ४५. का, तर आठातून तीन गेले पाच, सहातून दोन गेले चार. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढं त्यानं धरून ठेवलेलं. मग आमच्यातल्या एका मुलीनं पाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुझ्याकडं त्रेसष्ट रुपये आहेत. अठ्ठावीसचा गजरा घेतला. किती उरले?" पोरगा म्हणाला, "पस्तीस. पण अठ्ठावीसला कोण देतं, तीसच म्हणायचं." आम्ही सगळे हसलो, तोही हसला. मग पाटीवरचे ४५ बघून गप्प झाला. दोन्ही उत्तरं त्याचीच.

असं एकाच पोराचं नाही. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास केला, तो २०२५ ला प्रसिद्ध झाला. बाजारातली मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशोब तोंडी करतात आणि पुस्तकातलं तसलंच गणित अडतं. आणि शाळेत जाणाऱ्या, बाजार न केलेल्या मुलांचं बरोबर उलटं. एकाकडची कला दुसऱ्याकडं जात नाही, कारण दोन्हींना जोडून देणारं कुणी नाही. त्यात आपल्या मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी बोलायचा आणि लिहिताना सहा आधी काढायचा. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात साठ तीन असंही म्हणू द्यावं असं घातलं तर केवढा गदारोळ झाला, भाषा बुडाली म्हणून. मंगला नारळीकरांनी पोरांची अडचण परोपरीनं समजावून सांगितली. आम्हीही तेव्हा चहाच्या टपरीवर नारळीकर बाईंना नावं ठेवली होती. त्या दिवशी पाटी बघून आमचं मत बदललं.

आता आमच्या नातीचं ऐका. शिष्यवृत्तीला पात्र, फळ्यावर नाव. गोष्ट तिनं गाडीसारखी धडाधड वाचली. आम्ही म्हटलं, शाब्बास, आता सांग गोष्टीत काय झालं? गप्प. परत विचारलं, म्हातारी रडली का? पोरगी आमच्या तोंडाकडं बघते आणि म्हणते, "आजोबा, पर्याय कुठं आहेत?"

तिचा दोष नाही. जूनपासून सकाळी सात वाजता जादा तास, रविवारी सराव पेपर, एका हंगामात पन्नास-साठ प्रश्नपत्रिका सोडवलेली पोर ती. तिला पर्यायांतून चुकीचे तीन कसे खोडायचे ते शिकवलं होतं. ज्या बाई नऊ जणांना हे शिकवत होत्या, त्या वेळेत बत्तीस जण काय करत होते, तर शुद्धलेखन लिहा म्हणून बसवले होते. म्हणजे ज्यांना थोडंफार येत होतं त्यांना अजून वेळ, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना फळ्यावरून उतरवून घ्यायचं काम.

'बुद्धिमत्ता चाचणी' या शब्दावरही दोन मिनिटं बोलतो, कारण घराघरांत ऐकू येतं, याला बुद्धीच नाही, याच्या नशिबात नाही. ही चाचणी आली कुठून? फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने नावाचे गृहस्थ होते. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून त्यांनी सिमोन या सहकाऱ्याबरोबर १९०५ साली पहिली चाचणी केली. बुद्धी वाढत नाही असं म्हणणाऱ्यांच्या ते विरोधात होते. पण ती चाचणी अमेरिकेत गेली आणि तिथल्या विद्वानांनी तिचा अर्थ फिरवला. ब्रिगहॅम नावाच्या प्राध्यापकानं १९२३ ला पुस्तक लिहून अमुक वंश वरचे, अमुक खालचे, असं लष्करातल्या चाचण्यांवरून मांडलं. १९३० ला त्यानंच ते मागं घेतलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आपल्याकडं डॉ. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली, बिने-कामत म्हणून ती ओळखतात. जन्मावरून बुद्धी ठरवायची पद्धत आम्हाला काही अमेरिकेकडून शिकायची गरज नव्हती, ती आमच्याकडं हजारो वर्षं होतीच. कागद तेवढा नवा.

आणि बाबासाहेबांचे मॅट्रिकचे गुण किती? चरित्रकार सांगतात, १९०७ साली ७५० पैकी २८२. ४० टक्केसुद्धा नाहीत. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणारा तो मुलगा केळुस्कर गुरुजींनी आधीच हेरला होता. त्यांनी गुणपत्रिका नाही, वाचन पाहिलं. सत्काराला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं, पुढं बडोद्याच्या महाराजांकडं शब्दही टाकला.

टक्क्याची ही हाव आपल्याच वस्तीत आहे असं समजू नका. अमेरिकेत अटलांटा शहर आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांचं गाव. तिथल्या सरकारी शाळांत बहुसंख्य पोरं काळ्या समाजाची. परीक्षेचे गुण वाढले तर शाळेला शाबासकी, नाही वाढले तर मुख्याध्यापकाची खुर्ची जाणार, असा कारभार होता. गुण वाढत गेले, सुपरिंटेंडेंट बाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग संशय आला. उत्तरपत्रिका तपासल्या तर चुकीचं उत्तर खोडून बरोबर केलेल्या खुणा प्रमाणाबाहेर सापडल्या. पोरं घरी गेल्यावर शिक्षकच खोडरबर घेऊन बसत होते. २०११ च्या चौकशी अहवालात तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत लबाडी निघाली, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं आली, आणि २०१५ ला अकरा जण कोर्टात दोषी ठरले. यात सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं? ज्या पोराला वाचता येत नव्हतं ते कागदावर पास दिसलं, म्हणून त्याला जादा शिकवणी मिळायची ती मिळाली नाही. आपल्या शाळेत कुणी खोडरबर वापरलं नाही. फॉर्मच भरला नाही. पोरांच्या दृष्टीनं फरक किती, ते तुम्हीच बघा.

आम्ही चौघे मुख्याध्यापिका बाईंना भेटायला गेलो. थोडे तावातच गेलो होतो. बाईंनी बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "काका, वरच्या मीटिंगमध्ये मला एकच विचारतात, निकाल किती टक्के. किती बसवली हे आजवर कुणी विचारलं नाही. एक शिक्षिका निवडणुकीच्या कामावर, एकीची बदली झाली तिच्या जागी कुणी आलेलं नाही. सगळी बसवली आणि टक्का पंचवीसवर आला तर मला नोटीस येईल. तेव्हा विहार समिती माझ्यासोबत येणार आहे का?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्या खोट्या नव्हत्या. आम्ही म्हणालो, येऊ. लेखी देऊ. पुढच्या वर्षीच्या पाचवीच्या छत्तीस पोरांच्या आयांच्या सह्या आणि अंगठे घेऊन अर्ज दिला, की आमच्या मुलांना बसवा, निकाल काय लागेल तो लागो.

शाळा सुटल्यावर इथं वर्ग सुरू केला. यात आमची अक्कल काही नाही, मुंबईत हे पूर्वी होऊन गेलेलं आहे. 'बालसखी' म्हणून योजना होती. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या पंधरा-वीस पोरांना शाळेच्या वेळातच दोन तास वेगळं बसवायची आणि वाचन, बेरीज-वजाबाकी पक्की करून घ्यायची. २००१ ते २००३ च्या दरम्यान मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत त्याची रीतसर तपासणी झाली आणि पोरं खरोखर सुधारलेली दिसली. पुढं मदत थांबली तेव्हा फायदा बराचसा विरून गेला, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे एक वर्ष करून हात झटकायचं काम नाही हे.

२०२५ च्या फेब्रुवारीत छत्तीस पोरं परीक्षेला बसली. पात्र झाली अकरा. आदल्या वर्षापेक्षा दोन जास्त. टक्का मात्र शंभरावरून तीसच्या आसपास. त्या वर्षी शाळेच्या फळ्यावर कुणी रंगीत खडू लावला नाही. आणि आपल्या समितीच्या बैठकीत काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. शाळेचं नाव घालवलं, चांगल्या पोरांचं नुकसान केलं, असं आमच्या तोंडावर म्हणणारे आज इथं बसलेले आहेत. त्यांचा राग समजतो. शंभर टक्क्यांच्या शाळेत आमचं पोर आहे, असं सांगायला आम्हालाही आवडत होतं. बाईंना नोटीस आली. आम्ही सोबत गेलो, पटाचा कागद आणि दोन वर्षांचे आकडे दाखवले. साहेबांनी ऐकून घेतलं. नोटीस मागं घेतल्याचं पत्र अजून आलेलं नाही.

त्या फुलवालीच्या पोराची पाचवीची संधी गेली ती गेलीच, ती काही परत येणार नाही. त्याची धाकटी बहीण छत्तिसांत होती. पहिल्या पेपरात ५२, दुसऱ्यात ६४. पहिल्यात आठ गुण कमी, म्हणून अपात्र. निकालाच्या दिवशी आम्ही तिच्या आईकडं जायचं टाळत होतो. तीच विहारात आली. मोबाइलवरचा निकाल आणि घडी घालून ठेवलेली प्रश्नपत्रिका पुढं केली आणि म्हणाली, "दादा, मला वाचता येत नाही. ह्यातलं तिला काय येत नाही ते सांगा."

गिरणीत फोल्डिंग खात्यात ठाणावर डाग, तुटका धागा सापडला की चेकर खूण करायचा. ठाणावर साच्याचा नंबर असायचा. त्यावरून जॉबर त्या साच्यापाशी जायचा आणि बघायचा, नडलंय कुठं. तपासणीचा उपयोग तोच होता. इतक्या वर्षांत परीक्षेचा कागद घेऊन असं विचारायला आलेली पहिली पालक ती बाई, आणि तिलाच अक्षर येत नाही. आम्ही आणि डी.एड. वाली मुलगी तिच्यासमोर बसलो. पन्नास गणितांतली एकेक बघितली. बेरीज-वजाबाकीची जवळजवळ सगळी बरोबर. अपूर्णांकाची सगळी चूक. भागाकाराची दोन सोडली तर सगळी चूक. मराठीत लांब उताऱ्यावरचे प्रश्न शेवटपर्यंत पोचलेच नाहीत, वेळ संपला. बाई म्हणाली, "म्हंजे भागाकार आणि ते अर्धं-पाव. अर्धा-पाव किलो तर आम्ही रोज तोलतो की." दुसऱ्या दिवशी ती मोगऱ्याची पाटी आणि तराजू घेऊन वर्गात आली. त्या दिवशी आमच्या डी.एड. वाल्या मुलीनं अपूर्णांक तराजूवर शिकवले.

यंदाच्या वर्गाची पाहणी येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता इथंच आहे. दुसरी ते सातवीच्या सगळ्या पोरांना घेऊन या. हुशार, ढ, शाळा बुडवणारी, सगळी. प्रगतिपुस्तक आणू नका, पाटी असेल तर आणा. आठ-दहा शिकलेल्या मुलामुलींनी दोन तास द्यायचे आहेत, नावं आमच्याकडं किंवा महिला मंडळाच्या अध्यक्षा ताईंकडं द्या. आणि शाळेत जिथं जिथं निकालाचा टक्का लिहिलेला दिसेल तिथं बाईंना नम्रपणे विचारा, पट किती होता आणि बसवली किती. चहा समितीकडून आहे, खडू आणि पाट्या मात्र कमी आहेत, त्या कुणी दिल्या तर बरं होईल.

जयभीम.